पडद्यावरचा काळा रंग

फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. हेच पिक्सेल. प्रत्येकात साधारणपणे लाल, हिरवा आणि निळा असे भाग असतात. त्यांची उजळी कमी-जास्त करून बाकीचे रंग साधतात.

एलसीडी पडद्यात प्रकाश मागच्या एलईडी दिव्यांचा असतो. विजेच्या दाबानुसार द्रवस्फटिकांची दिशा बदलते आणि दोन ध्रुवक थरांमधून किती प्रकाश सुटेल ते ठरते. थोडा प्रकाश तरीही झिरपतोच, म्हणून अंधाऱ्या खोलीत काळा रंग करडा वाटतो.

ओएलईडीत मागचा दिवा नसतो. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि काळ्या जागी चक्क विझतो. म्हणूनच डार्क मोडने अशा फोनची बॅटरी वाचते. साध्या एलसीडीवर फारसा फरक पडत नाही.