टायरमध्ये हवा भरली ३३, सकाळी मोजली तर २६! असं का होतं?

मोबाईलची बॅटरी किती टक्के आहे हे आपण दिवसातनं पन्नास वेळा बघतो. पण गाडीच्या टायरमध्ये हवा किती आहे, हे शेवटचं कधी बघितलं होतं? मी पण बघत नव्हतो. पंपावर गेलो की काच खाली करून "सगळीकडं ३३ मार" म्हणायचं आणि फोनमध्ये डोकं घालायचं, एवढंच माझं टायरचं ज्ञान. गेल्या मे महिन्यात ते चांगलंच अंगाशी येणार होतं.

पुण्याला चुलतभावाचं लग्न होतं. कोल्हापुरातून आम्ही पाचजण निघालो, डिकी बॅगांनी गच्च. दुपारची वेळ, वर ऊन नुसतं भाजत होतं. गावातली दोन-चार कामं उरकून हायवेला लागायच्या आधी एका पंपावर हवा भरली. किणी टोलनाका, कराड, सातारा, पुणे आणि दोन दिवसांनी तसंच परत. गाडी मागच्या बाजूला जरा बसल्यासारखी वाटत होती, पण म्हटलं सामान आहे, असणारच.

परत आल्यावर आठवड्यानं गाडी डावीकडं ओढायला लागली म्हणून उद्यमनगरातल्या एका टायरवाल्या मामांकडं नेली. मामांनी मागचा डावा टायर रिमवरून उतरवला, आत हात फिरवला आणि चिमूटभर काळी पूड माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाले, "बघ भावा, आतनं टायरचं पीठ झालंय. ह्यो आता ठेवू नकोस."

बाहेरून तो टायर एकदम ठणठणीत दिसत होता. नक्षी शाबूत, कुठं चीर नाही. कमी हवेवर लांब पळवला की टायरची बाजू प्रत्येक फेरीला दुमडते, तापते आणि आतल्या आत रबर घासून त्याची पूड होते. ती पूड दिसली म्हणजे त्या टायरची बाजू फुटायच्या वाटेवर आहे असं समजायचं. मागच्या सीटवर आई, काकू आणि माझी बहीण बसली होती, हे मला त्या पुडीकडं बघताना आठवलं.

३३ चे २६ कुठं गेले?

मला हे कोडं सोडवायचंच होतं. टायर गेज म्हणजे हवा मोजायचं छोटं मीटर ऑनलाईन मागवलं आणि त्याच पंपावर गेलो. त्यांनी भरल्यावर लगेच माझं मीटर लावलं. त्यांचं ३३, माझं ३०. आता खोटं कोण? मामांच्या दुकानात जाऊन पुन्हा मोजलं, तिथं पण ३०. म्हणजे पंपावरचं मीटर ३ ने जास्त दाखवत होतं. कुणी मुद्दाम करतं असं नाही. पाईप दिवसभर फरशीवर आपटतो, त्यावरून गाड्या जातात, मीटरचं काय होणार?

उरलेला घोटाळा उन्हाचा. बंद टायरमधली हवा तापली की तिचा दाब वाढतो आणि थंड झाली की उतरतो. शाळेत आपण हे शिकलोय, फक्त टायरशी जोडलेलं नाही. त्या दिवशी गावातनं फिरून पंपावर पोचेपर्यंत टायरमधली हवा ५५ अंशांच्या आसपास तापली होती असं धरा. पहाटे तीच हवा २५ अंशांवर येते. हिशेब केला तर ३० पीएसआयचे जवळपास २६ होतात. साधारण अंदाज असा ठेवा, की तापमानात १० अंशांचा फरक पडला की दाबात दीड पीएसआयचा फरक पडतो. डिसेंबरच्या थंडीत सकाळी गाडी काढताना टायर कमी भरलेला वाटतो तो याच कारणानं. पंक्चर असेलच असं नाही.

म्हणजे ३३ मधले ३ मीटरच्या चुकीचे, ४ उन्हाचे. खरे २६. आणि मागच्या डाव्या टायरचा वॉल्व्ह पण हळूहळू गळत होता, तिथं तर त्याहून कमी. मामांनी वॉल्व्हवर बोटानं थुंकी लावून दाखवली, बारीक बुडबुडा आला. इतकं साधं तंत्र, पण कुठल्याही ॲपपेक्षा भारी.

आणि मुळात ३३ हा आकडा तरी कुणी सांगितला?

हा प्रश्न मामांनी मला विचारला आणि मी गप्प. पप्पा ३३ म्हणायचे, म्हणून मी पण ३३. गाडीचा खरा आकडा ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की खांबावर चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो, आणि गाडीच्या पुस्तकात तर असतोच. माझ्या गाडीच्या स्टिकरवर दोन ओळी निघाल्या. दोघं-तिघं असतील तर पुढं-मागं ३३. पाचजण आणि सामान असेल तर मागं ३८! म्हणजे पुण्याला जाताना ३८ पाहिजे होते आणि होते २६.

टायरच्या अंगावर पण एक आकडा छापलेला असतो, त्याच्या नादाला लागू नका. तो त्या टायरची जास्तीत जास्त मर्यादा सांगतो. तोच टायर तीन वेगवेगळ्या गाड्यांना बसतो, त्याला तुमच्या गाडीचं वजन काय माहीत? तेवढी हवा भरली तर गाडी दगडासारखी उडते, टायरचा मधला पट्टाच रस्त्याला टेकतो आणि ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं.

स्टिकरवर कधी 'बार' किंवा 'केपीए' लिहिलेलं असतं. १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय आणि १०० केपीए म्हणजे १ बार. तेव्हा २३० केपीए दिसलं तर ते ३३ च. पाठ करायची गरज नाही, स्टिकरचा फोटो काढून ठेवा. मी तो फोटो गाडीच्या कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये टाकलाय.

"उन्हाळ्यात हवा कमीच ठेवावी" हे खरं का?

आमच्याकडं हा सल्ला अगदी ठामपणे दिला जातो. तापून हवा वाढते आणि टायर फुटतो, म्हणून आधीच चार पॉइंट कमी ठेव. ऐकायला बरोबर वाटतं, पण उलटं आहे. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो आणि चालताना दाब वाढणार हे कंपनीनं धरलेलंच असतं. हवा कमी ठेवली की टायर जास्त दुमडतो, जास्त दुमडला की जास्त तापतो. उन्हाळ्यात तेच नको असतं.

समृद्धी महामार्गाचं उदाहरण घ्या. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला. कारला १२० ची वेगमर्यादा. आपल्याकडं पूर्वी गाडी दर अर्ध्या तासाला कुठं ना कुठं हळू व्हायचीच, गाव आलं, सिग्नल आला, ट्रॅक्टर आडवा आला. तेवढ्यात टायरला श्वास मिळायचा. समृद्धीवर तो मिळत नाही. टायर फुटून होणाऱ्या अपघातांमुळं २०२३ मध्ये परिवहन विभागानं महामार्गावर चढायच्या आधीच टायर तपासायला सुरुवात केली आणि घासलेले टायर असणाऱ्यांना परत पाठवलं. घासलेला टायर तिथं कुणालाही डोळ्यांनी दिसतो. कमी हवेचा टायर मात्र मीटर लावल्याशिवाय कळत नाही. आजकालचे टायर बाजूनं थोडे फुगलेले दिसतातच, त्यामुळं लाथ मारून किंवा नुसतं बघून २६ आणि ३३ मधला फरक ओळखणं विसरा.

नायट्रोजनचं काय, हे पण विचारलं जातं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा हळू गळतो, एवढा फायदा खरा. पण तो पण तापल्यावर तसाच वाढतो आणि थंडीत तसाच उतरतो. फुकट मिळाला तर घ्या. पैसे देऊन "आता सहा महिने बघायला नको" म्हणत असाल तर चूक. चांगला टायर पण महिन्याला एक-दोन पीएसआय गमावतो.

मोबाईलवर टायरची हवा दिसते का?

प्ले स्टोअरवर टायर प्रेशर असं शोधलं की ढीगभर ॲप येतात. एक गोष्ट पक्की, नुसत्या फोनला टायरमधली हवा मोजता येत नाही. काही फोनमध्ये बॅरोमीटर असतो, पण तो बाहेरच्या वातावरणाचा दाब मोजतो. ॲप चालायला टायरवर सेन्सर लागतो.

बाजारात वॉल्व्हच्या टोपणाच्या जागी बसणारे चार सेन्सर मिळतात. आत बटणासारखी बॅटरी असते आणि ते ब्लूटूथनं फोनला आकडा पाठवतात. मी एका मित्राच्या गाडीवर वापरून बघितले. मजा येते, घाटात आकडा चढताना दिसतो. पण ते बाहेर असतात त्यामुळं चोरीला जातात, आणि नीट घट्ट बसले नाहीत तर वॉल्व्ह तिथूनच गळायला लागतो. रोज हायवेवर असाल तर घ्या. गावातल्या गावात फिरणाऱ्याला पाचशे-हजारातलं मीटर पुरतं.

गाडीसोबत येणारी टीपीएमएस दोन प्रकारची असते. एकात प्रत्येक चाकाच्या आत सेन्सर असतो, ती खरा आकडा सांगते. दुसरी एबीएसच्या सेन्सरवरून अंदाज बांधते. हवा कमी झाली की चाक किंचित लहान होतं आणि बाकीच्यांपेक्षा जास्त फिरतं, हे ती पकडते. हुशार आहे, पण चारही टायरची हवा सारखीच उतरली तर ती फसू शकते. शिवाय हवा भरल्यावर रिसेट करावी लागते, जे कुणी करत नाही. अमेरिकेत २००७ पासून सगळ्या नव्या कारना टीपीएमएस सक्तीची आहे, पण तिथल्या नियमात दिवा लागायची हद्द ठरवून दिलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी अशी आहे. म्हणजे ३३ च्या गाडीला जवळपास २५ वर. माझे २६ त्या दिव्याला पण दिसले नसते!

मी आता काय करतो

दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी, गाडी हलवायच्या आधी, चारही टायर मोजतो. फोनवर रिमाइंडर लावलाय. गाडी निदान तीन तास उभी पाहिजे आणि त्या बाजूला ऊन नको. मीटर सरळ दाबायचं. 'फुस्स' आवाज येत राहिला तर ते वाकडं बसलंय, तो आकडा धरायचा नाही. दोनदा मोजतो.

मग खरी युक्ती. समजा घरी २९ आले आणि पाहिजेत ३३, तर चार कमी आहेत. पंपावर गेल्यावर त्यांच्या मीटरवर काहीही दिसू दे, ३४ दिसू दे नाहीतर २७, मी सांगतो, "दादा, आत्ता जे दाखवतंय त्यात चार वाढव." त्यांचं मीटर चुकीचं असलं आणि जाताजाता टायर थोडा तापला असला, तरी चारचा फरक जवळपास बरोबर पडतो. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या पोरानं माझ्याकडं असं बघितलं, की हा काय नवीन नाद! आता तो स्वतःच विचारतो, किती वाढवू. हवा पंपावर फुकट मिळते, ती मागायला लाजायचं कारण नाही.

लांब जाताना वाटेत गरम टायर मोजला आणि ३७ दिसले, तर हवा सोडू नका. ती रात्री परत ३३ वर येणार आहे. आंबा घाटातून रत्नागिरीला उतरलात तर गंमत अजून वेगळी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. खाली बाहेरच्या हवेचा दाब जास्त, त्यामुळं त्याच तापमानाला मीटरवर जवळपास एक पीएसआय कमी दिसतो. एवढ्यासाठी काही करायची गरज नाही, फक्त दचकू नका.

त्या पूड निघालेल्या टायरच्या जागी नवा टाकला. टाकताना बाजूवरचे चार आकडे बघून घेतले. २३२४ असेल तर २०२४ सालातल्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. हवा मोजायचा उत्साह चढला म्हणून त्याच दिवशी डिकीतली स्टेपनी पण मोजली. गाडी घेतल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. मीटरवर आकडा आला ११.