ठोसे अनेक, गुण नऊ

ऑगस्ट २००८ मधील बीजिंग ऑलिंपिक तुमच्या शिक्षकांना आठवत असेल. उपान्त्यपूर्व फेरीत विजेंदर सिंगने इक्वेडोरच्या कार्लोस गोंगोराला ९-४ असे हरवले आणि मुष्टियुद्धातील भारताचे पहिले ऑलिंपिक पदक निश्चित झाले. शिरूर-दौंडला घरी बसून केबलवर अशी लढत पाहणाऱ्याला एक प्रश्न पडणे साहजिक आहे. दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या, म्हणजे ४८० सेकंद मुठी चालतात आणि दोघांचे मिळून गुण अवघे तेरा! बाकीचे ठोसे गेले कुठे?

पुष्कळसे अडवले गेले किंवा निसटले. ते नियमानेच बाद. पण इतरांचे काय? कुणी म्हणेल, चित्र उशिरा येते म्हणून आपला गोंधळ होतो. तसे नाही. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहापर्यंत जाऊन परत यायला संदेशाला पाव सेकंद लागतो हे खरे, पण सगळी लढतच तेवढी मागे सरकते.

खरे कारण ठोशाच्या वेगात आहे. १९८५ साली ब्रिटनमध्ये फ्रँक ब्रूनो या मुष्टियोद्ध्याच्या ठोशाचे मोजमाप प्रसिद्ध झाले. त्याची मूठ सुमारे अर्धा मीटर अंतर एक दशांश सेकंदात कापून, सेकंदाला जवळजवळ ९ मीटर वेगाने आदळत होती. आघाताचे बल सुमारे ४,००० न्यूटनांच्या शिखरावर पोचायला स्पर्शापासून १४ सहस्रांश सेकंद पुरले. आता आपल्या पडद्याकडे पाहा. नेहमीच्या प्रक्षेपणात सेकंदाला २५ चित्रे असतात, म्हणजे एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत ४० सहस्रांश सेकंद. तेवढ्यात मूठ ३६ सेंटिमीटर पुढे जाते! प्रत्येक चित्राचे दोन अर्धे भाग वेगळे धरले, तरी १८ सेंटिमीटर. मूठ हनुवटीला लागली की कानाजवळून गेली, हे नेमके त्या फटीत हरवते.

पंच तर रिंगणाशेजारीच बसतात. पण डोळ्याने पाहून बोटाने कळ दाबायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. म्हणजे बोट हलेपर्यंत ठोसा संपलेला असतो.

ही कळ आली कुठून? १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्सचे ८६ ठोसे लागले आणि कोरियाच्या पार्क सी-हुनचे ३२, अशी चित्रवाणीसाठी केलेली मोजणी होती. सुवर्णपदक मात्र ३-२ मतांनी पार्कला मिळाले. जगभर ओरड झाली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून यंत्र आले. पाचपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत कळ दाबली, तरच गुण. पक्षपाताला आळा घालण्याचा हेतू उत्तमच, पण एका सेकंदात तीन-चार ठोसे पडतात. कोणत्या ठोशासाठी कोणी कळ दाबली हे यंत्राला कसे कळणार? शिवाय एका पंचाला दिसलेला ठोसा समोरच्या पंचाला मुष्टियोद्ध्याच्या पाठीआड दिसतच नाही. २०१३ पासून ही पद्धत सोडून प्रत्येक फेरीला दहापैकी गुण देऊ लागले.

वर्गात करून पाहा. मेजावर रुमालाची घडी ठेवा, म्हणजे आवाज मदतीला येणार नाही. एकाने पेन्सिलीच्या टोकाने मिनिटभर भराभर टोले मारावेत. काही मुद्दाम रुमालाला न लावता थांबवावेत. पाच जणांनी वेगवेगळ्या बाजूंनी बसून, एकमेकांकडे न पाहता, लागलेल्या प्रत्येक टोल्याला कागदावर रेघ ओढावी. सहाव्याने मोबाइलवर मंदगती चित्रण करावे. मग पाच आकडे फळ्यावर लिहा, चित्रणातला खरा आकडा शेजारी मांडा आणि सर्वांत जवळ कोण बसला होता ते पाहा.