चकचकीत चाटू परत का आले?



लाकडी वस्तूंवरच्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न सारखा येतोय: "सर, फिनिशिंग कसं करायचं?" उत्तराआधी माझीच चूक सांगतो.

सुरुवातीला एका मिठाईवाल्याला मी दहा मोठे लाकडी चाटू करून दिले. फर्निचरसारखी चमक हवी म्हणून पॉलिश मारलं. आठ दिवसांत सगळे परत! गरम कढईत पॉलिशचे पोपडे सुटले होते. पैसे परत दिले आणि गिऱ्हाईकही गेलं. सुताराची चूक नव्हती. चाटू कशात फिरणार, हे मीच विचारलं नव्हतं.

आता अशाच एका चाटूचं उदाहरण बघू: अमेरिकेतलं 'मॅश पॅडल'. तिथे १९७८ च्या कायद्याने घरापुरती बिअर घरी बनवायला केंद्र सरकारची परवानगी मिळाली. आपल्याकडे त्याला परवाना लागतो, म्हणून आपण बोलतोय फक्त चाटूबद्दल. मोड आणून वाळवलेले जव भरडून साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअस गरम पाण्यात तासभर ठेवतात. भरड पाण्यात पडली की पिठल्यासारख्या गुठळ्या होतात. त्या फुटाव्यात म्हणून या चाटूच्या पात्याला मोठी भोकं असतात. भोकं शोभेची नाहीत, कामाची आहेत!

बनवताना काय बघायचं?

१. लाकूड: मॅपलसारखं टणक आणि घट्ट. रेड ओकची छिद्रं मोठी, त्यात चोथा अडकतो.

२. लांबी: भांड्याच्या तळापर्यंत पोचून हात वाफेपासून लांब राहील एवढी. साधारण दोन ते तीन फूट.

३. घासणं: ८०, मग १२०, मग २२० नंबरचा पॉलिश पेपर. भोकांच्या आतल्या कडा विसरू नका.

४. पाणी मारणं: ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या. लाकडाचे बारीक तंतू उभे राहतील. पुन्हा हलक्या हाताने घासा. ही पायरी गाळली, तर पहिल्याच वापरात चाटू खरखरीत होतो.

५. तेल: फूड ग्रेड मिनरल ऑइल लावा, मुरू द्या, जास्तीचं पुसा. असं दोन-तीनदा. शेंगदाण्याचं तेल नको, ते खवट होतं. व्हार्निश तर नकोच.

विकताना काय सांगायचं?

जवाचं पाणी गाळल्यावर उकळतात, तेव्हा त्यातले जंतू मरतात. पण ते थंड झालं की लाकडी चाटू त्यात घालायचा नाही. लाकडात जंतू दडून राहतात, बिअर आंबट होऊ शकते. ही सूचना, शिवाय "धुऊन उभा वाळवा, अधूनमधून तेल लावा" एवढं चिठ्ठीवर लिहून दांड्याला बांधा. चिठ्ठीला खर्च जवळपास नाही, पण गिऱ्हाईकाला कळतं की या माणसाला आपलं काम समजतं.

किंमत काढताना लाकूड आणि मजुरी धरता, पण घासण्याचे तास आणि तेल मुरण्याचे दिवस धरता का? बहुतेक जण तिथेच तोट्यात जातात.

आजचं होमवर्क: तुमची वस्तू रोज वापरणाऱ्या एका माणसाकडे जा. अर्धा तास फक्त बघा, विकू नका. ती कुठे तापते, कुठे भिजते, कुठे घासली जाते, ते वहीत लिहा. फिनिशिंग त्यानंतर ठरवा.

मी हे दहा चाटू परत आल्यावर शिकलो. तुम्ही आधीच शिका!