दीर्घ आजारातही बळ वाढविता येते

नोव्हेंबर महिना आला की दिल्ली, नोएडा, गाझियाबाद व गुरुग्राम येथील बँक शाखांमध्ये निवृत्तिवेतनधारकांची वर्दळ वाढते. हयातीचा दाखला सादर करण्याचा हा महिना. आणि राजधानीच्या आकाशात धुरके दाटण्याचाही हाच. शाखेच्या चार पायऱ्या चढताना कठडा धरून मध्येच थांबणारे ज्येष्ठ ग्राहक आपल्या कर्मचाऱ्यांच्या परिचयाचे आहेत. नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्याची ओळख पटवून मोबाइलद्वारेही हा दाखला देता येतो, ही मोठीच सोय झाली. परंतु पायऱ्या केवळ बँकेलाच नसतात. स्वतःच्या घराच्या, लेकीच्या घराच्या पायऱ्या चढण्याचे बळ कसे टिकवावे, हा प्रश्न उरतोच.

अशक्तपणाचे दुष्टचक्र

मधुमेह, संधिवात, हृदयविकार, फुप्फुसांचा सीओपीडी हा विकार यांसारखे आजार बहुधा आयुष्यभर सोबत करतात. थोड्या श्रमाने दम लागतो म्हणून रुग्ण हालचाल कमी करतो. घरातील मंडळीही प्रेमापोटी ‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ असे म्हणतात. वापर थांबला की स्नायू क्षीण होतात आणि पूर्वीपेक्षाही कमी श्रमाने दम लागू लागतो. आपण ज्या दुर्बलतेला आजाराची मानतो, तिचा बराचसा भाग प्रत्यक्षात निष्क्रियतेचा असतो.

याविषयी अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ मध्ये झालेला प्रयोग प्रसिद्ध आहे. विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवण्यात आले. तीस वर्षांनंतर त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे दिसले की तीन आठवड्यांच्या शय्येने त्यांची श्रम करण्याची क्षमता जेवढी घटली होती, तेवढी तीस वर्षांच्या वयोमानानेही घटली नव्हती. पुढे सुमारे सहा महिन्यांच्या क्रमशः वाढविलेल्या व्यायामाने पन्नाशीतील या गृहस्थांनी वयामुळे गमावलेली क्षमता परत मिळविली. हे सर्व निरोगी होते, हे खरे. तथापि निष्क्रियतेची किंमत आणि व्यायामाचा लाभ या दोन्हींची कल्पना यावरून येते.

भौतिकोपचार काय करतो?

भौतिकोपचार म्हणजेच फिजिओथेरपी. हाड मोडल्यावर किंवा कंबर धरल्यावर घ्यावयाचा शेक, अशी तिच्याविषयी अनेकांची समजूत असते. परंतु तिचे क्षेत्र याहून बरेच व्यापक आहे. सीओपीडीचे उदाहरण घेऊ. या विकारात फुप्फुसांची झालेली हानी व्यायामाने भरून निघत नाही. मात्र पायांचे स्नायू सशक्त झाले की तेच काम ते कमी प्राणवायूत करू लागतात. साहजिकच, फुप्फुसे तीच राहिली तरी तोच जिना कमी धाप लागता चढता येतो.

उपचारतज्ज्ञ प्रथम रुग्णाची आजची क्षमता मोजतात. सहा मिनिटांत किती अंतर चालता येते, हातांचा आधार न घेता अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येते, अशा सोप्या चाचण्या असतात. त्यानुसार आरंभ ठरतो. कोणाला खुर्चीवरून पाच वेळा उठणे पुरेसे असते, कोणाला टाचा उचलणे, तर कोणाला रबरी पट्टा ताणणे. श्रमाचे माप साधे आहे : व्यायाम करताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. दम लागणाऱ्यांना नाकाने श्वास घेऊन ओठांचा चंबू करून तो सावकाश सोडण्यास, तसेच उठण्याचा जोर श्वास सोडताना लावण्यास शिकविले जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत दीर्घ आजार असलेल्यांचाही समावेश आहे. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत, असे त्यात सुचविले आहे.

सावधगिरी

छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा नेहमीपेक्षा फार धाप लागणे यांपैकी काहीही झाल्यास व्यायाम त्वरित थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा. मधुमेहींनी रिकाम्या पोटी व्यायाम करू नये आणि पादत्राणे नीट निवडावीत. काही रुग्णांना, विशेषतः कोविडनंतर दीर्घकाळ थकवा राहिलेल्या काहींना, श्रमानंतर एक-दोन दिवसांनी अंथरूण धरावे लागते. अशांनी व्यायाम नेटाने वाढवीत नेणे अपायकारक ठरू शकते. ही गोष्ट उपचारतज्ज्ञांना आधीच सांगावी.

राजधानीत हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत साचून राहते व पहाटे प्रदूषण बहुधा अधिक असते. म्हणून पहाटेच फिरावयास जाण्याचा आग्रह धरू नये. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक ३०० च्या वर असल्यास घरातच येरझाऱ्या घालाव्यात व खुर्चीचे व्यायाम करावेत. व्यायामाची जागा बदलावी, नेम मोडू नये.

दिल्लीतील एक उदाहरण

वसंत कुंज येथील इंडियन स्पायनल इंजुरीज सेंटर या रुग्णालयाचे संस्थापक मेजर एच. पी. एस. अहलुवालिया यांनी मे १९६५ मध्ये एव्हरेस्ट सर केले आणि त्याच वर्षी युद्धात गोळी लागून त्यांच्या मणक्याला इजा झाली. पुढील आयुष्य चाकांच्या खुर्चीवर गेले, तरी २०२२ मध्ये निधन होईपर्यंत ते कार्यरत राहिले. पाय पूर्ववत होण्याची वाट पाहत ते थांबले नाहीत. जी शक्ती उरली होती तिच्या बळावर त्यांनी पुनर्वसनाचे एक मोठे केंद्र उभारले.

बँकेच्या ग्राहकांना आवर्ती ठेवीचे महत्त्व सांगण्याची आवश्यकता नाही. हप्ता लहान असला तरी चालतो. तो नियमित भरला जावा एवढेच. प्रकृती बिघडलेल्या दिवशी पाचऐवजी दोनच वेळा उठावे. आजारपणात खंड पडला, तर बरे वाटताच खालच्या पायरीपासून पुन्हा आरंभ करावा. आणि घरच्या मंडळींनी ‘तुम्ही बसा’ म्हणण्याऐवजी कधी कधी ‘चला, आपण बरोबर उठू’ असे म्हणावे.