ट्रेनही बंद, बसही बंद!

आईच्या रिपोर्टचा फोटो बाबांनी पाठवला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. ‘बीआरसीए-१ पॉझिटिव्ह.’ अंडाशयाचा कॅन्सर, ऑपरेशन, केमो, एवढं सगळं झाल्यावर आता हे काय नवीन? सॉलिड टेन्शन! पण संध्याकाळी डॉक्टर आईला चक्क म्हणाल्या, ‘‘एका अर्थी बरंच झालं. आता तुमच्यासाठी एक गोळी आहे.’’

फंडा असा आहे. आपल्या पेशींमधला डीएनए रोज कुठे ना कुठे तुटतो आणि पेशी तो दुरुस्तही करते. एकच धागा तुटला तर पार्प नावाचं एन्झाइम धावतं. दोन्ही धागे तुटले तर काम बीआरसीएचं. आता लोकल आठवा. ट्रेन बंद पडली तरी आपण बस पकडून ऑफिस गाठतोच ना? पण बसचाही संप असेल तर? दांडीच!

आईच्या पेशींत बीआरसीए-१ ची एक प्रत जन्मतःच बिघडलेली. ट्यूमरमध्ये दुसरीही गेलेली. ओलापॅरिब ही गोळी पार्पलाही अडवते. मग डीएनएची कॉपी निघताना छोट्या तुटी मोठ्या होतात, त्या जोडायला कुणी उरत नाही आणि कॅन्सरची पेशी मरते. निरोगी पेशींत एक प्रत शाबूत असते, म्हणून त्या तगतात. २००५ साली ‘नेचर’मध्ये दोन संशोधक गटांनी हे एकाच वेळी मांडलं. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत ओलापॅरिबला मान्यता मिळाली.

जादू वगैरे नाही हं! सकाळी दोन, रात्री दोन गोळ्या. आईला मळमळतं, थकवा येतो, हिमोग्लोबिन घसरतं. शिवाय काही ट्यूमर भलतेच चालू. नवा बदल घडवून बीआरसीए पुन्हा सुरू करतात. मग गोळीचं काही चालत नाही.

आणि माझं काय? हा दोष माझ्यात असण्याची शक्यता ५० टक्के. म्हणजे छापा-काटाच. ‘हे प्रोजेक्ट संपू दे’ म्हणत तीन महिने मी टेस्ट टाळली. शेवटी आईच म्हणाली, ‘‘अगं, मला कळलं तेव्हा आजार घरात शिरला होता. तुला आधी कळतंय.’’ खरंच होतं. आधी कळलं तर वेळेवर तपासण्या करता येतात, काही निर्णय वेळेत घेता येतात.

गेल्या शनिवारी रक्त देऊन आले. रिपोर्ट यायचाय. मोबाइल वाजला की दचकते. पण तो सायलेंटवर टाकलेला नाही.