नवतपा, ट्यूब आणि कूलर

लेसर कोरीवकामाची कार्यशाळा : भाग ६

या आठवड्यात लेन्स आणि आरशांबद्दल लिहायचं कबूल केलं होतं, पण ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. हिंगणघाटहून एक पत्र आलं आहे आणि त्याचं उत्तर थांबू शकत नाही. २५ मेला नवतपा लागेल. विदर्भात ज्यांनी या वर्षी मशीन घेतलं, त्यांच्या ट्यूबची खरी परीक्षा त्या नऊ दिवसांत आहे. लग्नसराई संपायच्या आत पाट्या, भेटवस्तू, पत्रिका द्यायच्या असतात आणि नेमका तेव्हाच वर्ध्याचा पारा ४५ च्या पुढे जातो.

या वाचकांनी टिनाच्या छताच्या खोलीत ८० वॅटचं मशीन बसवलं आहे. ‘चिलरसकट’ म्हणून विक्रेत्याने सोबत जो डबा दिला, तो सीडब्ल्यू-३०००. सकाळी मशीन ४ मिलिमीटरचं एमडीएफ सफाईने कापतं, दुपारी बारानंतर कापत नाही, कोरलेली अक्षरंही फिकी येतात. ट्यूब खराब निघाली का, असं त्यांनी विचारलं आहे. दुसरा प्रश्न असा, की घरचा मोठा कूलर मशीनसमोर लावला तर भागेल का?

ट्यूब बहुधा ठणठणीत आहे. सकाळी नीट कापणारी ट्यूब दुपारी मंदावते, तेव्हा आधी पाण्याकडे पाहावं.

ही ट्यूब म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा लेसर. तो १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सी. कुमार पटेल यांनी शोधला. पटेल यांचा जन्म बारामतीचा, १९३८ चा, आणि अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्याच्या सीओईपीमधलं. मुद्दा फक्त अभिमानाचा नाही. त्यांनी उलगडलेल्या क्रियेतच दुपारच्या फिक्या अक्षरांचं उत्तर आहे. नळीत तीन वायू असतात : नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि हीलियम. विजेने नायट्रोजनचे रेणू चेततात आणि आपली ऊर्जा कार्बन डायऑक्साइडला देतात. तो रेणू ऊर्जेच्या वरच्या पायरीवर जातो आणि तिथून खालच्या पायरीवर उतरताना १०.६ मायक्रॉनचा किरण देतो. हे चालू राहायचं तर खालची पायरी सतत रिकामी होत राहिली पाहिजे. हीलियम ती रिकामी करायला मदत करतो आणि नळीतली उष्णता काचेच्या भिंतीपर्यंत पोचवतो. भिंतीपलीकडून ती न्यायचं काम पाण्याचं. पाणी गरम असेल तर वायू तापतो, आणि तापलेल्या वायूत खालची पायरी आपोआपच भरू लागते. वरून उतरायला जागा उरत नाही. वीज तेवढीच जाते, किरण मात्र अशक्त होतो.

अशा वेळी बहुतेक जण पॉवर वाढवतात. साठ टक्क्यांवर कापत नाही म्हणून सत्तर, मग ऐंशी. ट्यूबचं आयुष्य खरं तिथे जातं, कारण जादा वीज म्हणजे जादा उष्णता आणि पाणी आधीच तापलेलं. म्हणून भाग २ मध्ये सांगितलेला मिलिअँपिअर मीटर अजून बसवला नसेल तर या आठवड्यात बसवा. पडद्यावरचे टक्के म्हणजे फक्त मागणी असते. ट्यूबमधून प्रत्यक्ष किती प्रवाह जातो ते मीटर सांगतो.

आता हिशेब करू. ८० वॅटचा किरण काढायला ट्यूबला सुमारे ५२० वॅट वीज लागते. उरलेल्या साधारण ४५० वॅटची उष्णता होते आणि ती पाण्यात उतरते. २० लिटरच्या बादलीत पंप टाकून मशीन सलग चालवलं तर तासाभरात पाणी १९ अंशांनी तापेल. सकाळी ३० वर असलेलं पाणी तासाभरात ४९ वर. ट्यूब बनवणारे साधारण १५ ते २५ अंशांचं पाणी मागतात. ३० ओलांडल्यावर काम थांबवावं, असा माझा नियम आहे.

सीडब्ल्यू-३००० मध्ये काय असतं? पंप, टाकी, जाळी आणि पंखा. कॉम्प्रेसर नसतो. त्याची क्षमता ५० वॅट प्रति अंश अशी दिलेली असते. म्हणजे पाणी खोलीच्या हवेपेक्षा जितके अंश गरम, तितक्या पन्नास वॅट उष्णता तो बाहेर टाकतो. ४५० वॅट टाकायचे तर पाणी हवेपेक्षा ९ अंश गरम व्हावं लागेल. टिनाच्या खोलीत ४२ असेल तर पाणी ५१ वर जाऊन स्थिरावेल. यंत्रात दोष नाही, ते सांगितलेलं काम चोख करतं आहे. थंड हवेच्या गावी ते पुरतंही. हवेपेक्षा थंड पाणी मात्र ते कधीच देणार नाही. त्यासाठी फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असलेलं सीडब्ल्यू-५००० किंवा ५२०० लागतं. वर्धा जिल्ह्यात नवी कार्यशाळा काढणाऱ्याने ८० वॅटचं मशीन आणि ३००० घेण्यापेक्षा ६० वॅटचं मशीन आणि ५२०० घ्यावं. मे महिन्यात दुसरा जोड पहिल्यापेक्षा जास्त कापेल.

कूलरचा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण त्याचं उत्तर फक्त आपल्याकडच्या हवेत मिळतं.

४४ अंशांची, १५ टक्के आर्द्रतेची वैशाखातली दुपार घ्या. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून पंख्यासमोर धरा. पारा २३ च्या आसपास उतरतो. ताटी ओली आणि हवा वाहती असेल तर कूलरच्या टाकीतलं पाणीही त्याच्या जवळपास राहतं. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ६७० वॅट-तास उष्णता सोबत नेतं. म्हणजे ट्यूबची सगळी उष्णता घालवायला तासाला पाऊण लिटरहूनही कमी पाणी उडालं तरी पुरे. आपल्या अंगणातला कूलर तासाला याच्या कितीतरी पट पाणी पितो. रांजणही याच तत्त्वावर गार राहतो, पण त्याच्या भिंतीतून इतक्या वेगाने पाणी उडत नाही. म्हणून रांजणात पंप सोडून भागत नाही, आणि हा प्रयोग करणारे बरेच आहेत.

मग कूलरच्या टाकीतलं पाणी सरळ ट्यूबमध्ये फिरवायचं का? मुळीच नाही. त्या पाण्यात धूळ, शेवाळ आणि ताटीचा काडीकचरा असतोच. शिवाय पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे बोअरचं खारं पाणी दिवसागणिक आणखी खारं होतं. काचेच्या आवरणात ते पांढरा थर धरतं. दुसरा धोका विजेचा. ट्यूबला मिळणारा दाब वीस हजार व्होल्टच्या घरातला असतो आणि क्षारांचं पाणी वीज वाहून नेतं. करायचंच असेल तर तांब्याच्या नळीचं वेटोळं कूलरच्या टाकीत बुडवा आणि त्यातून ट्यूबचं डिस्टिल्ड पाणी बंद फेऱ्यात फिरवा. दोन पाणी एकमेकांना भेटत नाहीत, फक्त उष्णता जाते. वेटोळ्यातून तीन-पाच अंशांची तूट येते, म्हणजे ट्यूबला २७-२८ चं पाणी मिळेल. ४० वॅटच्या मशीनला एवढ्यावर उन्हाळा काढता येतो. ८० ला मी हा सल्ला देणार नाही. आणि मृगाचा पाऊस पडला की हा बेत संपला. ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ओल्या फडक्याचा पारा २८ च्या खाली जातच नाही.

आता मशीनसमोर कूलर लावण्याबद्दल. त्यांच्याकडे सध्या ३००० आहे, तेव्हा कूलरच्या झोतात तो डबा ठेवला तर पाणी काही अंश उतरेल, हे खरं. पण तो डबा बाहेर ओसरीत, कूलरही तिथेच आणि मशीन आतल्या कोरड्या खोलीत, अशी मांडणी हवी. मशीनच्या खोलीत कूलरची ओली हवा आणू नका. उद्या कॉम्प्रेसरचा चिलर घेतल्यावर तर अजिबात नको.

याचं कारण दवबिंदू. कूलर लावलेल्या खोलीत हवा २८ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के झाली तर २३ अंशांखालच्या प्रत्येक वस्तूवर पाणी सुटतं. चिलर २० वर लावला असेल तर ट्यूबच्या काचेवर थेंब धरतील. त्या थेंबांवरून उच्च दाबाची वीज मशीनच्या सांगाड्याकडे उडी मारते. ठिणगी पडते, पॉवर सप्लाय जातो, कधी ट्यूबचं टोक फुटतं. कूलर नसलेल्या कोरड्या खोलीत, ४४ अंश आणि १५ टक्क्यांना, दवबिंदू १२ च्या खाली असतो. म्हणजे रखरखीत मे महिन्यात चिलर बिनधास्त २० वर ठेवा. पण श्रावणात, खोली ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असताना, दवबिंदू २६ वर जातो. तेव्हा चिलर २७ वर आणा. ‘पावसाळा आहे, गारवा आहे, चालू दे २० वर’ या समजुतीने ऑगस्टमध्ये बऱ्याच ट्यूब गेल्या आहेत. वर्षभर एकाच आकड्यावर चिलर ठेवण्याची सवय आपल्या हवामानाला परवडत नाही.

विदर्भाच्या या कोरड्या हवेशी कारखानदार फार पूर्वीपासून झगडत आले आहेत. १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस शेजारच्या शिवारात होता, पण कोरड्या हवेत सूत तुटतं. जमशेटजी टाटांनी तिथे हवा दमट ठेवणारी यंत्रं बसवली. सुताला ओल हवी, लेसरला कोरडेपणा. गिरणीला जी हवा अडचणीची होती, ती उन्हाळ्यात आपल्याला वरदान आहे. आपणच कूलर लावून ती घालवू नये.

कापसाचा विषय निघालाच आहे, तर हिंगणघाट, पुलगाव, आर्वीकडच्या कार्यशाळांना एक सूचना. जिनिंगच्या हंगामात हवेत रुईचे तंतू असतात आणि चिलरची हवा आत घेणारी जाळी त्यांनी गुदमरते. दर आठवड्याला जाळी काढून झटका. चिलरची पाठ भिंतीला चिकटवू नका, कारण ट्यूबमधली उष्णता तो मागच्या बाजूनेच बाहेर टाकतो. ती खोलीतच कोंडली तर त्याचं काम वाढतं.

पाणी डिस्टिल्डच हवं, आरओचं नाही. बॅटरीच्या दुकानात ५ लिटरचे कॅन मिळतात. नळ्या शक्यतो गडद रंगाच्या घ्या, उजेड मिळाला की पारदर्शक नळीत शेवाळ धरतं. महिना-दीड महिन्याने पाणी बदला. पाणी भरल्यावर ट्यूबमध्ये बुडबुडा अडकलाय का ते टॉर्चने पाहा. बुडबुडा असलेल्या जागी काच तापते आणि तडकते. पाणी बाहेर पडण्याचं तोंड वरच्या बाजूला ठेवलं की बुडबुडे निघून जातात. पाणी थांबल्यावर लेसर बंद करणारा फ्लो सेन्सर बसवाच. तो सारखा बोंब मारतो म्हणून वायर जोडून टाकण्याचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईल, तो ऐकू नका. वीज जाऊन परत आली आणि पंप सुरू झाला नाही, तर ट्यूब वाचवणारा तो एकच आहे. याखेरीज पाण्यात बुडणारा साधा डिजिटल थर्मामीटर आणि भिंतीवरचा तापमान-आर्द्रता मीटर घ्या. दोन्ही स्वस्त आहेत आणि दवबिंदूचा अंदाज त्यांच्याशिवाय येत नाही.

बर्फ टाकण्याबद्दल थोडक्यात. तापलेल्या काचेवर अचानक गार पाणी गेलं तर ती तडकते. टाकीत बर्फाचे खडे ओतू नका. अगदीच अडलं तर बंद बाटलीत पाणी गोठवा, एका वेळी एकच बाटली टाकीत ठेवा आणि थर्मामीटरवर लक्ष ठेवा. त्यापेक्षा काम पहाटे पाचला सुरू करून अकराला थांबवणं चांगलं. उन्हाळ्यात शेतावर जाणाऱ्याला हे वेळापत्रक सांगावं लागत नाही.

आर्वीच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे, की मशीन घेण्याआधी हात बसवायला कुठे जावं? पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथे १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि २००२ पासून तिथे फॅबलॅब आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या फॅबलॅबपैकी ती एक. दूर आहे, पण एकदा जाऊन या. वर्ध्यात मगनवाडीला एमगिरी आहे, ग्रामोद्योगांसाठी काम करणारी संस्था. खादीवर किंवा बांबूवर कोरीवकाम करायचा विचार असेल, तर आपल्या मालाबद्दल आधी तिथल्या लोकांशी बोला.

हिंगणघाटच्या वाचकांनी सध्या ३००० ओसरीत हलवावा, पॉवर सकाळच्या आकड्यावर परत आणावी आणि नवतप्यात दुपारी मशीन बंद ठेवावं. पुढचे पैसे कॉम्प्रेसरच्या चिलरसाठी राखून ठेवावेत, रोटरी किंवा मोठ्या टेबलासाठी नाही.

लेन्स आणि आरसे पुढच्या आठवड्यात. तोवर ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांना एक विनंती : नवतप्यात रोज सकाळी आठला आणि दुपारी तीनला खोलीचं तापमान, आर्द्रता आणि पाण्याचं तापमान लिहून ठेवा. सोबत चिलरचं मॉडेल आणि ट्यूबचे वॅट लिहा, आणि तो कागद माझ्याकडे पाठवा.