विश्वास कशावर ठेवायचा? घरच्या सर्व्हरसाठी उपग्रह ट्यूनर

प्रामाण्याचा प्रश्न आज आपण एका यंत्राच्या निमित्ताने पाहू. घरात चोवीस तास चालणारा लहानसा लिनक्स सर्व्हर आहे, गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री आहे, आणि कार्यक्रम आपोआप रेकॉर्ड व्हावेत अशी इच्छा आहे. ट्यूनर कोणता घ्यावा?

सेटटॉप बॉक्स अडकला तर आपण उठून बंद-चालू करतो. सर्व्हरमधला ट्यूनर पहाटे तीनला अडकला, तर कळतं केव्हा? रेकॉर्डिंग बघायला बसल्यावर! तोवर प्रसारण निघून गेलेलं असतं. म्हणून ‘चित्र किती सुंदर?’ याआधी ‘महिनोन्महिने न अडकता चालतो का?’ हे विचारायचं.

मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण. दोष दिसेपर्यंत ते खरं धरा. नैयायिक म्हणतात, नाही. त्यावर विसंबून केलेली कृती सफल झाली, की प्रामाण्य ठरतं. खरेदी करताना, बरं का, नैयायिक व्हावं.

खोक्यावर लिहिलेलं असतं, ‘लिनक्सवर चालतो’. हे झालं शब्दप्रमाण. पण सांगणारा आप्त आहे का? ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ कर्नलमध्येच आहे का, ते बघा. तो फक्त कंपनीकडून वेगळा मिळत असेल, तर कर्नल बदलला की पुन्हा कंपाइल करावा लागतो. आणि कंपनीने लक्ष काढून घेतलं की चांगलं कार्डही अडगळीत जातं. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये पुढे चिपही बदललेली असू शकते. तेव्हा आवृत्तीचा क्रमांकसुद्धा तपासा.

दुसरी गोष्ट विजेची. छत्रीवरच्या एलएनबीला ट्यूनरच वीज पुरवतो, १३ किंवा १८ व्होल्ट. यूएसबी २.० पोर्टमधून मिळतात ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अवघे अडीच वॅट. म्हणून यूएसबी ट्यूनर घेतलाच, तर स्वतंत्र अडॅप्टर असलेला घ्या. सतत चालणाऱ्या सर्व्हरला पीसीआय-एक्सप्रेस कार्ड जास्त बरं. मात्र त्याला हवा खेळती हवी. सर्व्हरमध्ये कार्डाला जागाच नसेल, तर सॅट-आयपी पेटी आहे: ती छत्रीचा सिग्नल घरातल्या नेटवर्कवर आणून देते.

एक ट्यूनर एका वेळी एकच ट्रान्सपॉंडर पकडतो. त्यावरचे अनेक चॅनेल एकत्र रेकॉर्ड करता येतात. दुसऱ्या ट्रान्सपॉंडरवरचा हवा असेल तर दुसरा ट्यूनर लागतो. आणि खाजगी डीटीएचचे सांकेतिक, पैसे भरून पाहायचे चॅनेल साध्या ट्यूनरवर उलगडत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

आता सफल प्रवृत्ती. परत करायची मुदत आहे तोवर ट्यूनर रात्रंदिवस चालवा आणि टीव्हीहेडएंडमध्ये कंटिन्युइटी एरर मोजा. मुसळधार पावसात चुका वाढल्या तर लगेच कार्डाला दोष देऊ नका. केयू बँडचा सिग्नल पावसात क्षीण होतोच. पण निरभ्र रात्रीही आकडा वाढत असेल, तर आधी केबल, कनेक्टर आणि छत्रीची दिशा तपासा. तिथे सगळं ठीक निघालं, तर कार्ड परत करा. असो. आता तुमचे प्रश्न घेऊ.